पिल्लाचं पाणी वाटीतून कमी, घासातून जास्त

मे महिन्यात जालन्यात किंवा परभणीत सकाळी पंख्याखाली वाटीभर पाणी ठेवावं, तर संध्याकाळी ते अर्धं झालेलं असतं. घरात सहा-सात आठवड्यांचं मांजराचं पिल्लू असलं की सगळे खूश, ‘चला, पाणी प्यायला लागलं!’ बरेचदा ते पाणी पंख्यानं आणि कोरड्या हवेनं पिलेलं असतं. पिल्लानं फक्त एकदा वास घेतलेला असतो.

म्हणून आधी मोजा. स्टीलच्या सारख्याच आकाराच्या दोन वाट्या घ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजनं दोन्हीत ५०-५० मिली पाणी भरा. एक पिल्लाजवळ ठेवा. दुसरी त्याच खोलीत, तशीच जमिनीवर, पण भाजी धुवायच्या जाळीदार टोपलीखाली ठेवा, म्हणजे हवा लागेल पण तोंड पोचणार नाही. २४ तासांनी दोन्हीतलं उरलेलं पाणी सिरिंजनं ओढून मोजा. टोपलीखाली ३२ मिली उरलं आणि पिल्लाच्या वाटीत २५, तर पिल्लू ७ मिली प्यालं, २५ नव्हे. वाटीभोवती पाणी सांडलेलं दिसलं तर त्या दिवसाचा हिशोब सोडून द्या.

आता लागतं किती? मोठ्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं. वाढत्या पिल्लाला त्याहून जास्त. ७०० ग्रॅमच्या पिल्लाला ५० ते ६० मिली धरून चाला, उन्हाळ्यात वरच्या बाजूनं. आकडा मोठा वाटतो, पण पाउचमधल्या ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. दिवसभरात ७० ग्रॅम ओलं खाद्य पोटात गेलं की त्यातूनच ५० मिलीच्या वर पाणी मिळतं. उलट सुक्या दाण्यांत जेमतेम ८ ते १० टक्के पाणी. ३५ ग्रॅम दाणे खाल्ले तर तीन-साडेतीन मिली, बाकीचं सगळं वाटीतून प्यायला हवं. आणि नेमकं तेच पिल्लू करत नाही.

ते हट्टी असतं म्हणून नव्हे. घरातलं मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराचं वंशज. शिकारीच्या मांसातून पाणी मिळवायचं आणि लघवी घट्ट करून ते वाचवायचं, ही त्याची रीत. तहान लागते, पण उशिरा आणि कमी. शिवाय प्यायची पद्धतही कष्टाची. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं, की मांजर जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवून झटक्यात वर ओढतं आणि मागोमाग उचलली गेलेली पाण्याची बारीक धार तोंडात पकडतं. मोठं मांजर हे सेकंदाला चारेक वेळा करतं, तरी एका वेळेला पाणी येतं साधारण ०.१ मिली. पिल्लाची जीभ तर त्याहून छोटी. पिल्लानं पाच वेळा जीभ लावली म्हणजे अर्धा मिलीसुद्धा नाही. ‘आत्ताच पिलं की’ यावर विसंबू नका.

वयाचं आधी पक्कं करा. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला वेगळं पाणी लागत नाही. आईचं दूध, आई नसेल तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एवढंच. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचं वय कुणाला ठाऊक नसतं, तेव्हा तोंड बघा. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतात, दाढा पाचव्या-सहाव्यात. दात नाहीत, तर पाण्याची वाटी ठेवायची घाई नको. पाय आणि तोंड गार लागत असेल तर दूधही लगेच देऊ नका. आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही.

चार आठवडे झाले, दात आले, की पाणी घासातून सुरू करा. पिल्लांच्या खाद्याचे २० ग्रॅम दाणे, ६० मिली कोमट पाणी, १५-२० मिनिटं झाकून ठेवा, मग काट्यानं घोटा. पातळ पिठल्यासारखं झालं पाहिजे. गुठळी राहिली तर पिल्लू तेवढीच चाटून सोडतं आणि पाणी ताटलीत राहतं. बोट त्यात बुडवून ओठाला लावा, चाटायला लागलं की बोट हळूहळू ताटलीकडे न्या. डोकं धरून तोंड ताटलीत खुपसायचं नाही. नाकात गेलं, शिंका आल्या, की दोन दिवस ते ताटलीजवळ फिरकणार नाही. आठवड्यानं पाणी ४० मिलीवर आणा, पण उन्हाळ्यात त्याखाली जायचं कारण नाही. ‘दात आले, आता कोरडे दाणे खाऊ दे’ ही घाई आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये महागात पडते.

हे भिजवलेलं खाद्य आपल्या उन्हात लवकर आंबतं. अर्ध्या-पाऊण तासात उचला आणि उरलेलं फेका. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवली तर एक गंमत होते. वाटीकडे ढुंकून न बघणारं पिल्लू परातीतलं पाणी पितं. पिऊ द्या, फक्त पाणी रोज बदला आणि बोटभरापेक्षा खोल ठेवू नका.

पाण्याला चव द्यायची तर चिकनची. बिनहाडाचं १०० ग्रॅम चिकन ३०० मिली पाण्यात वीसेक मिनिटं उकळा, गाळा, गार झाल्यावर वरची चरबी काढा. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. हे पाणी फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, २० मिली साध्या पाण्यात घाला आणि पिल्लू पिऊ लागलं की चार-पाच दिवसांत चमच्याचे थेंब करा. रश्श्यातली फोड धुऊन देणारे पुष्कळ आहेत. धुतल्यानं मसाला जातो, आत मुरलेला कांदा-लसणाचा रस जात नाही. त्यानं मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात.

दुधाबद्दल बोललं की घरातली मोठी माणसं रागावतात, तरी लिहितोच. गाईचं किंवा म्हशीचं दूध हे पाण्याला पर्याय नाही. दूध सुटत चाललेल्या पिल्लाला त्यातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात आणि पोटात गेलं त्याहून जास्त पाणी बाहेर पडतं. दूध-भाकरीवर वाढलेली मांजरं गावोगाव आहेत हे खरं, पण ती उंदरांवरही वाढलेली असतात. बंद घरातल्या पिल्लाला उंदीर कुठला?

भांडं उथळ आणि जड हवं. तोंड वीतभर, काठ दोन-तीन बोटं, पाणी दीड ते दोन सेंटिमीटर. हलकी स्टीलची वाटी पंजानं उलटते, प्लॅस्टिकला वास धरतो. आपल्या हवेला सगळ्यात चांगलं कुंभाराकडचं मातीचं परळ. माती पाझरते, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उरलेलं गार राहतं, माठाचंच तत्त्व. उन्हाळ्यात ते झकास चालतं, ऑगस्टच्या दमट हवेत उपयोग नाही. नवं परळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. रोज काथ्यानं घासून गरम पाण्यानं धुवा, पण साबण नको, माती त्याचा वास धरून ठेवते. दोन परळं घेतलीत तर एक उन्हात वाळतं, एक वापरात राहतं, शेवाळ धरत नाही. मोजणी मात्र स्टीलच्या वाटीतच करा, परळ स्वतःच पाणी पितं.

मांजराला अगदी जवळचं स्पष्ट दिसत नाही आणि संथ पाण्याची पातळी तर कळतच नाही. म्हणून ते पंजा बुडवून बघतं. बोटानं पाण्यावर हलकी लहर उठवा, पातळी कळली की तोंड लावतं. वाटी खाण्यापासून आणि शी-सूच्या ट्रेपासून पाच-सहा फूट लांब ठेवा, शक्यतो दोन ठिकाणी.

पाणी कुठलं, हाही आपल्याकडचा प्रश्न. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात टँकर, बोअर, नळ, जार, जे मिळेल ते घरात येतं. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास असेल तर रात्रभर पसरट भांड्यात जाळी झाकून ठेवा, वास उतरतो. बोअरचं क्षाराचं पाणी पिल्लू टाळतंय असं वाटलं तर एका वाटीत बोअरचं आणि दुसरीत जारचं ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदला. नाहीतर तुम्ही पाणी तपासताय की कोपरा, ते कळायचं नाही.

सिरिंजनं पाणी पाजणं हा शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांनी सांगितला तर. सिरिंज १ मिलीची. पिल्लू पोटावर, चारही पाय खाली. लेकरासारखं उताणं कधीच नाही. टोक गालाच्या बाजूनं घालून ०.२ मिली सोडा, गिळू द्या, मग पुढचं. समोरून जोरात सोडलं तर पाणी श्वासनलिकेत जातं. त्या वेळी नुसता ठसका लागतो, एक-दोन दिवसांनी श्वास जोरात चालू लागतो, तो न्यूमोनिया.

पाणी कमी पडतंय का, हे कातडी चिमटीत ओढून बघायची पद्धत सगळे सांगतात. लहान पिल्लात ती फसवी आहे. हिरडीला बोट लावा. ओलसर, घसरती हवी. चिकट लागली तर पाणी कमी आहे. हिरडी दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. लघवी गडद पिवळी नको. आणि रोज एकाच वेळी किचनच्या काट्यावर वजन करा. पिल्लाचं वजन घटणं सोडा, दोन दिवस वाढलं नाही तरी विचारायला जा.

एक दृश्य मात्र ओळखून ठेवा. पिल्लू वाटीवर मान टाकून बसलंय, नाक पाण्याजवळ, पण पीत नाही. सोबत उलटी किंवा जुलाब. हे पॅनल्यूकोपेनियात, म्हणजे मांजरांच्या पार्व्हो या विषाणूच्या आजारात दिसतं. तेव्हा घरी पाणी, ओआरएस, ताक काही पाजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते कातडीखालून किंवा शिरेतून सलाईन देतात. जवळ कुणी नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आणि कूलर. पिल्लाला वाटीपेक्षा कूलरच्या टाकीतलं पाणी आवडतं, वाळ्याचा वास असतो, पाणी हलतं. ते पाणी आठवडाभराचं साचलेलं असतं आणि टाकीची कड गुळगुळीत, आत पडलं की वर येता येत नाही. टाकीच्या झडपेला तार बांधा, बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, रांजणावर लाकडी झाकण आणि वर दगड. हौद झाकता येत नसेल तर आत एक खडबडीत फळी तिरकी सोडून ठेवा, वरचं टोक कडेला बांधून.