‘व्हल्कन’चा लँडलॉर्ड शोधताना : माझा अनुभव

वेल्समधील कार्डिफ शहराच्या अ‍ॅडम स्ट्रीटवर १८५३ साली सुरू झालेला ‘व्हल्कन’ हा पब २०१२ साली बंद झाला, त्याची वीट अन् वीट उतरवली गेली आणि २०२४ मध्ये तो सेंट फेगन्सच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात पुन्हा उभा राहिला. तिथे त्याच्या हिरव्या-तपकिरी चकचकीत फरशांसमोर उभा असताना, हा पब कोणाकोणाच्या हातून गेला हे शोधायचे मी ठरवले.

जनगणनेच्या नोंदी घरबसल्या मिळाल्या. अडलो ते दारूविक्रीच्या परवान्यांच्या नोंदवहीपाशी. संबंधित कार्यालयाच्या अर्जात लँडलॉर्डचे नाव विचारले होते आणि आपल्याकडच्या सवयीने मी त्याचा अर्थ घरमालक असा घेऊन इमारतीच्या मालकीविषयी लिहिले. अर्ज तीन आठवड्यांनी ‘अपूर्ण’ एवढ्याच शेऱ्यासह परत आला. दुसऱ्यांदाही तेच घडले. काय अपूर्ण आहे हे एका ओळीत लिहिले असते, तर माझा दीड महिना वाचला असता, आणि हा राग अजून गेलेला नाही. अखेर तिथल्याच एका वयस्कर बाईंनी समजावले की, पबचा लँडलॉर्ड म्हणजे परवाना ज्याच्या नावावर आहे तो चालक. इमारत पुष्कळदा बिअर बनवणाऱ्या कंपनीची असते, म्हणून मालक तोच राहतो आणि चालक बदलत जातात. शिवाय वहीची मागणी पबच्या नावाने नव्हे, तर सूचीतील क्रमांकाने करायची असते.

वही समोर आली तेव्हा एक नाव खोडून त्यावर बारीक अक्षरात दुसरे लिहिलेले पाहिले आणि सगळा शीण उतरला. अशी वही ठेवणे १८७२ च्या कायद्याने बंधनकारक झाले, त्यामुळे त्याआधीच्या चालकांसाठी व्यापाऱ्यांच्या जुन्या डिरेक्टऱ्या चाळाव्यात. शिक्षेच्या रकान्यात रविवारचा उल्लेख दिसल्यास गोंधळू नये, कारण १८८१ च्या कायद्याने वेल्समधील पब रविवारी बंद असत. जनगणनेविषयी सांगायचे राहिले : ती दहा वर्षांनी होते, त्यामुळे मधल्या काळात आलेला आणि गेलेला चालक तिच्यात सापडतच नाही.