आरडी ३५०: आयडलला उजवा सिलेंडर गप्प, शेवटी कारण सापडलं

इंजिन फ्रेममध्ये बसल्यानंतरचं हे अपडेट. गाडी चालू झालीय, दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठते, पण आयडलला, म्हणजे रेस न देता, एकाच सिलेंडरवर चालते. डावा व्यवस्थित, उजवा मधूनच एखादा ठोका देतो आणि परत गप्प. रेस वाढवून तीन हजारच्या पुढे नेलं की उजवा पण जागा होतो आणि मग ज्या आवाजासाठी एवढा खटाटोप चाललाय तो आवाज येतो, अंगावर काटा येतो अक्षरशः. रेस सोडली की परत तेच. उजव्या सायलेन्सरच्या बेंडला हात लावला तर नुसता कोमट, डाव्याला लावायची सोयच नाही.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी राजदूत ३५०, लो टॉर्क, एस्कॉर्ट्सने यामाहा आरडी ३५० वरून १९८३ पासून भारतात बनवायला घेतलेली तीच. ३४७ सीसी, टू स्ट्रोक, दोन सिलेंडर, दोन मिकुनी कार्ब (कार्ब्युरेटर), रीड व्हॉल्व्ह, ऑटोल्यूब पंप (इंजिनला आपोआप ऑइल देणारा). देवगड तालुक्यात एका मांगरात (शेतावरच्या गोठ्यात) गवताच्या भाऱ्यांमागे बरीच वर्षं उभी होती, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे खारा वारा आणि चार महिने पाऊस हे दोन्ही तिने भरपूर खाल्लंय.

कार्ब उघडले तेव्हा डाव्याची हालत बरी होती. उजव्याच्या बाऊलच्या (कार्बमधली पेट्रोल साठणारी वाटी) तळाला पांढरी पूड घट्ट बसलेली, मीठ ओलं होऊन परत सुकावं तशी, आणि फ्लोटच्या पिनभोवती हिरवट थर. या कार्बची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, ती पाण्याने अशीच पांढरी फुटते, आणि पितळ हिरवं पडतं. बॉडी कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ केली. जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी) मात्र आमसुलाच्या पाण्यात टाकले, घरची तांब्या-पितळेची भांडी घासतात तसेच, आणि पितळ सोन्यासारखं निघालं. पण लक्षात ठेवा, हे फक्त सुट्या पितळी जेटसाठी, बॉडी चुकूनही आंबट पाण्यात घालू नका, आम्ल जस्त खातं. पायलट जेटच्या (आयडलला पेट्रोल देणारा) भोकातून इलेक्ट्रिक वायरमधला तांब्याचा एकच तंतू फिरवला. सुई किंवा स्टीलची तार घालणारे बघितलेत मी, त्याने भोक मोठं होतं आणि मग आयुष्यभर त्या जेटचा नंबर खोटा.

एवढं करून बसवलं तरी उजवा गप्पच. मग ओळीने बघायला घेतलं.

आधी स्पार्क, कारण अर्धे कार्बचे प्रॉब्लेम शेवटी पॉइंटचे निघतात. आरडीत दोन्ही सिलेंडरना पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल वेगवेगळे असतात, त्यामुळे तपासणी सोपी, उजव्याचा प्लग डाव्याला आणि डाव्याचा उजव्याला, मग कॉइलची अदलाबदल. तक्रार जागची हलली नाही, उजवीकडेच राहिली. म्हणजे स्पार्क ठीक.

मग पेट्रोल. बाऊलच्या ड्रेन बोल्टसारखा एक जुना बोल्ट घेऊन त्याला आरपार भोक पाडलं, त्यात पारदर्शक नळी बसवली आणि नळी कार्बच्या बाजूने वर धरली. बाऊलमध्ये पेट्रोल जेवढ्या उंचीवर असतं तेवढीच उंची नळीत दिसते. फ्लोट मोजपट्टीने मोजण्यापेक्षा मला हे जास्त पटतं, कारण यात फ्लोट नीडल (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) खरंच बंद होतेय का ते पण कळतं. दोन्ही बाजूला लेव्हल सारखी. म्हणजे पेट्रोल पण ठीक.

उरली हवा. उजवा प्लग काढला तर कोरडा आणि पोर्सिलेन पांढराफटक, डावा दुधाच्या चहाच्या रंगाचा. पांढरा म्हणजे लीन, हवा जास्त पेट्रोल कमी. इथे बहुतेक जण लगेच मोठा जेट टाकतात, माझ्या पण हातात नवीन पायलट जेट होताच. पण बंदरावर होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणारे एक काका आहेत, टू स्ट्रोकमध्ये त्यांचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही, त्यांनी प्लग बघितला आणि म्हणाले, "जेट कित्याक बदलतंस रे? वारो खयसून घेता ता बघ आदी." म्हणजे हवा कुठून घेतेय ते आधी बघ. मी म्हटलं काका, मॅनिफोल्डचे (कार्ब इंजिनला जोडतो तो भाग) रबर नवीन आहेत. तर म्हणाले, "नवीन असांदेत. बघ तरी."

बघायचं कसं, तर त्यांच्याकडे एक जुनं बीपीचं मशीन आहे, रबरी फुगा आणि काट्याचा गेज. त्याची सुई ३०० पर्यंत जाते, म्हणजे ३०० मिमी पारा, आणि ते होतात साधारण ५.८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप). टू स्ट्रोकच्या लीक टेस्टला ६ च्या आसपासच प्रेशर लागतं, जास्त दिलं तर सील बाहेर यायची भीती, त्यामुळे हे मशीन त्या कामासाठीच बनवल्यासारखं आहे. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट आणि एक मॅनिफोल्ड रबराच्या बुचाने बंद केले, दुसऱ्या मॅनिफोल्डच्या बुचातून नळी घातली, प्लग घट्ट केले आणि फुगा दाबला. मिनिटाला एक पीएसआय, म्हणजे गेजवर साधारण ५० च्या आत, सुई उतरली तर चालतं. इथे ती जेमतेम हलत होती. क्रँक सील, बेस गॅसकेट, रीड ब्लॉक, मॅनिफोल्ड सगळं धरून होतं.

तसा उजव्या क्रँक सीलवर मला आधीपासूनच संशय नव्हता. आरडीचा क्लच उजवीकडे, त्यामुळे ते सील गिअर ऑइलच्या बाजूला असतं. ते गेलं तर इंजिन हवा ओढण्याऐवजी गिअर ऑइल ओढतं, मागे पांढरा धूर येतो आणि ऑइलची लेव्हल उतरते. लीन होतं ते डावं सील गेलं तर, कारण ते मॅग्नेटच्या बाजूला कोरडं असतं. आपला उजवा लीन आणि धूर काहीच नाही, म्हणजे भानगड वेगळीच.

आता इंजिन प्रेशर धरतंय आणि टेस्टमध्ये कार्ब लावलेलेच नव्हते, तर हवा कार्बमधूनच येतेय हे उघड होतं. कार्ब परत लावले, गाडी चालू केली आणि साबणाचं पाणी स्प्रे बॉटलने एकेका जागी मारत गेलो (काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात, गरम सायलेन्सरच्या शेजारी मला ते नको वाटतं). मॅनिफोल्डवर मारलं, फरक नाही. कार्बच्या टोपीवर मारलं, फरक नाही. दोन कार्बच्या मधे खालून मारलं आणि आयडल एकदम बदलला, उजव्याने चार-पाच ठोके सलग दिले.

तिथे आहे चोकची क्रॉसओव्हर नळी. आरडीत चोकचा प्लंजर फक्त डाव्या कार्बला असतो, आणि थंडीत लागणारं जास्तीचं मिक्स्चर उजव्या कार्बला एका छोट्या रबरी नळीतून जातं. त्या नळीचं उजव्या कार्बमधलं तोंड स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलली जाणारी कार्बमधली झडप) पुढे, इंजिनच्या बाजूला उघडतं. चोक बंद असला तरी तिथे आयडलला चांगला व्हॅक्यूम असतो, म्हणून नळी फाटली की उजवा सिलेंडर सरळ बाहेरची हवा ओढतो. रेस वाढली की मुख्य वाटेने एवढी हवा येते की ती गळती नगण्य होते, म्हणूनच तीन हजारच्या वर सगळं सुरळीत. नळी वरून काळीभोर, गुळगुळीत, एकदम चांगली दिसत होती. काढून बोटांत वाकवली तेव्हा खालच्या अंगाला क्लिपच्या लगत नखाएवढा तडा उघडला, आतला रबर दगडासारखा कडक.

पेट्रोलला टिकणारी त्याच मापाची नळी टाकली, दोन्ही टोकांना नवीन क्लिप. पहिल्याच किकला दोन्ही सिलेंडर. काकांना फोनवर आवाज ऐकवला, म्हणाले "आता सिंक कर, नायतर परत बोंबलत येशील."

सिंक म्हणजे दोन्ही कार्ब एकाच वेळी उघडतील असं जुळवणं. त्यासाठी एअर फिल्टर काढून मागून स्लाइड बघायच्या. एकाच मापाच्या दोन ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे दोन्ही स्लाइडखाली ठेवले, थ्रॉटल हळूहळू फिरवला, दोन्ही दांडे एकाच क्षणी सुटेपर्यंत केबल अॅडजस्टर फिरवत राहिलो. एअर स्क्रू दोन्हीकडे पूर्ण बंद करून दीड फेरा बाहेर, मग कानाने थोडं इकडे तिकडे. मिकुनीचा हा स्क्रू हवेचा आहे, आत केला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन. केबल हलली की ऑटोल्यूब पंपाची खूण पण परत जुळवायलाच लागते, थ्रॉटलची तीच केबल पंपाला जाते. पंप मागे राहिला तर ऑइल कमी पडतं, आणि मग पिस्टन जॅम झाल्यावर लोक कार्बला शिव्या देतात.

आता पुढचा विषय, आणि तो आपल्या सगळ्यांचाच आहे. पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साधारण १३.५. जेट तोच ठेवला तर गाडी आपोआप लीन चालते, आणि टू स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे सरळ पिस्टन गरम. त्यामुळे मी स्लाइडमधल्या नीडलची क्लिप एक खाच खाली घेतलीय, म्हणजे नीडल वर, आणि मेन जेट (फुल रेसला पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा टाकून बघणार आहे. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी शोषतं. आपल्याकडच्या दमट हवेत गाडी नुसती उभी राहिली तरी पाणी जमा होत जातं, आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, बरोबर जिथून मेन जेट ओढतो तिथे. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर बाऊल रिकामे करा आणि टाकी गळ्यापर्यंत भरा, अर्धवट टाकीतली दमट हवाच घात करते. फ्लोट नीडलचं टोक आणि पेट्रोलचे पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणारं रबर) घ्या. बाजारात स्वस्त कार्ब किट मिळतात त्यातला एकही जेट मी वापरत नाही, वर छापलेला नंबर आणि आतलं भोक यांचा मेळ बसेलच याची खात्री नसते, जुने ओरिजिनल जेट साफ करून वापरणं कधीही बरं.

पाऊस सुरू व्हायच्या आत प्लग चॉप करायचाय. जामसंड्याच्या पुढे सड्यावर (कातळाच्या माळावर) रस्ता मोकळा मिळतो, तिथे चौथ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल धरून किल स्विच मारायचा आणि प्लगचा रंग बघायचा. रंग बरोबर आला तर आंबोली चढवणार. समुद्रसपाटीला लावलेला कार्ब ६९० मीटरवर थोडा रिच वाटेल, पण घाटात इंजिन गरम होत असताना रिच बाजूला असलेलंच मला हवंय. लो टॉर्कला ई-२० वर कोणी मेन जेट बदलून पाहिला असेल तर नंबर आणि प्लगचा फोटो दोन्ही टाका.