तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही टेक्सासला का गेलो नाही

इथल्या गणपतीत आरती झाली, ताटं हातात आली की कोणीतरी विचारतंच, “अजून कॅन्ससमध्येच? टेक्सासला जा की, तिथे स्टेट टॅक्स नाही.” डॅलसजवळ राहणारी माझी मावसबहीण तर फोन ठेवताना हमखास विचारते.

भारतातल्या नातेवाइकांना आधी हे सांगावं लागतं की इथे केंद्राच्या आयकराखेरीज बहुतेक राज्यांचाही स्वतःचा आयकर असतो. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला फार तर 2,500 रुपये व्यवसाय कर कापला जातो, त्याहून कितीतरी मोठा. आणि हा कर ज्यात जमा होतो त्या कॅन्ससच्या जनरल फंडातला, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतला, जवळपास निम्मा पैसा शाळांना जातो.

हा कर शून्यावर न्यायचा प्रयोग आम्ही घरात बसून पाहिलाय. 2012 मध्ये कॅन्ससचे राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी राज्याच्या आयकराचा सर्वात वरचा दर 6.45 वरून 4.9 टक्क्यांवर आणायच्या कायद्यावर सही केली. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची खाजगी कंपनी) सारख्या धंद्यांच्या नफ्यावरचा कर तर पुरताच काढला. माझ्या नवऱ्याची तेव्हा छोटी एलएलसी होती. 2013 चं रिटर्न भरताना त्याच्या नफ्यासमोर राज्याचा कर शून्य दिसला. लेक तेव्हा दुसरीत. तिच्या बाईंच्या पगारातून मात्र कर कापला जात होता, आणि वर्गातले कागद-पेन्सिली त्या पदरचे पैसे घालून आणत होत्या. माझी आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तीही खडू असेच आणायची. ते शून्य माझ्या घशाखाली उतरेना.

पहिल्याच मोठ्या फटक्यात राज्याचं उत्पन्न वर्षाला 70 कोटी डॉलरच्या आसपास घटलं. ज्या नोकऱ्यांचं आश्वासन होतं, त्या तशा आल्या नाहीत. रस्त्यांच्या निधीतून पैसा उचलून भगदाड बुजवणं सुरू झालं. 2015 मध्ये कॉन्कॉर्डिया आणि ट्विन व्हॅली या ग्रामीण स्कूल डिस्ट्रिक्टनी (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांनी) शाळेचं वर्ष ठरल्याआधीच संपवलं. लहान गावात शाळा म्हणजे गरीब घरच्या मुलाचं दुपारचं जेवणही असतं. शाळा लवकर मिटली की कामावर जाणाऱ्या आईबापांनी पोरं ठेवायची कुठे? आमच्या उपनगरात पालक वर्गणी काढू शकले. तिकडे कोणाकडे मागणार?

त्याच वर्षी राज्याचा विक्रीकर 6.5 टक्के झाला, आणि तो दूध-ब्रेडवरही लागायचा. किराणा दुकानात माझ्या पुढे उभी असलेली बाई पावती बघून एक डबा परत ठेवताना मी पाहिलीय. आमचा वाचलेला कर तिच्या पिशवीतून निघत होता, हे मला तिथे रांगेत उभी असताना कळलं.

2017 च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा निधी अपुरा ठरवला. जूनमध्ये विधिमंडळाने ब्राउनबॅक यांचा व्हेटो मोडून कर परत आणला, आणि तिथे बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं. आम्ही पुन्हा कर भरू लागलो. किराण्यावरचा राज्याचा कर जायला मात्र 2025 उजाडलं.

टेक्सासचं म्हणाल, तर तिथेही शाळा फुकट चालत नाहीत. बहिणीच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात सगळ्यात मोठी रक्कम शाळांचीच असते, आणि नोकरी गेली तरी ते बिल येतंच. मिसिसिपीने 2025 मध्ये आयकर टप्प्याटप्प्याने संपवायचा कायदा केलाय. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर मिसुरीची हद्द लागते, तिथले राज्यपालही तेच म्हणताहेत. तिथल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी एवढंच विचारते, की विक्रीकर किती वाढणार, आणि तुमच्या शाळेचा पैसा कुठून येणार, हे विचारलंत का?