उन्हात उलटा फिरलेला काटा

नोकरीला लागून चार महिने झाले होते. एका शाळेच्या वरच्या स्लॅबचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, 28 दिवसांनी ताकदीत कमी भरले होते. स्लॅब तोडायचा की ठेवायचा, हे भारचाचणीवर ठरणार होतं.

खोली 4 बाय 5 मीटर, स्लॅब 125 मिलिमीटर. वर पुढे वर्ग बांधायचे होते, म्हणून वापराचा भार चौरस मीटरला 3 किलोन्यूटन. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या सव्वापट भार 24 तास ठेवायचा. म्हणजे साडेसात टनांवर वाळू, 25 किलोची तीनशेहून जास्त पोती.

आदल्या दिवशी सकाळी स्लॅबखाली, त्याला न टेकणाऱ्या परांचीवर डायल गेज, म्हणजे स्लॅब किती हलला ते काट्यानं दाखवणारं मापक, बसवलं. दुपारी दोनला पाहते तर काटा उलटा फिरलेला! वर पोतं नाही, माणूस नाही, आणि स्लॅब 0.40 मिलिमीटर वर उचललेला. गेज बिघडलं म्हणून मी माझ्या वरिष्ठ सरांना फोन केला. ते आले आणि म्हणाले, "वर जाऊन हात लाव." हात भाजला. वरची बाजू तापून लांबली होती, खालची सावलीत गार, म्हणून स्लॅबनं पोट आत घेतलं होतं. कॉलेजात स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख मी डोळे मिटून काढायचे. पण भाराशिवायही काँक्रीट हलतं, हे मात्र तेव्हा कळलं. यापुढे वाचनांची तुलना सकाळी सातची सातशीच करायची, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोती चढली. मी ती एकमेकांना खेटून रचून घेत होते, दिसायला छान. सरांनी निम्मी उचलायला लावली. खेटलेली पोती एकमेकांत अडकून कमान धरतात. भार भिंतींवर जातो आणि स्लॅब फुकट पास होतो. मधे फटी ठेवून पुन्हा रचली. बिगारी वैतागले, आणि त्यांचं बरोबरच होतं. खाली टेकू थोडी फट ठेवून उभे होते, तरी मुकादमानं हळूच विचारलं, "मॅडम, पडणार नाही ना?"

सातला शेवटचं पोतं पडलं तेव्हा वाक 1.86 मिलिमीटर होता. दुसऱ्या सकाळी, त्याच भाराखाली, 2.31. आमची मर्यादा 40 गुणिले आखूड बाजूच्या 4 मीटरचा वर्ग भागिले मिलिमीटरमधली जाडी, म्हणजे 5.12. तेवढ्यावर स्लॅब पास होता, भार काढल्यावर तो किती परततो हे मोजायचं बंधन नव्हतं.

तरी मी मोजलं. पोती उतरवून 24 तासांनी काटा 0.38 वर थांबला होता. मी गेजवर दोनदा टिचकी मारली. हलला नाही.