पीठ मुरू द्या: ग्लूटेन-फ्री ओट्स चॉकलेट चिप कुकीज

कुकीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नसणं ही मुळात अडचण नाहीच. नानकटाई करताना आपण मैद्याला आधी तूप चोळतो आणि नंतर तो मळत बसत नाही. का, तर ग्लूटेन तयार झालं की नानकटाई चिवट होते. पावाला ग्लूटेन हवं, पोळीला हवं, कुकीला ते जेवढं कमी तेवढं बरं. तरीही गहू वगळून केलेल्या कुकीज बऱ्याच घरांत फसतात. ट्रेवर पसरून त्यांची जाळी होते, उलथन्याने उचलायला जावं तर भुगा होतो, नाहीतर खाताना दाताखाली कचकच लागते. दोष ग्लूटेनच्या माथी मारला जातो, पण खरी भानगड पाण्याची असते. मैदा पाणी झटकन पितो. ओट्सचं पीठ अर्धा-पाऊण तास घेतं, आणि अख्खे ओट्स त्याहून जास्त. तेवढा वेळ न देता ट्रे ओव्हनमध्ये गेला की पुढचं सगळं बिघडतं.

आधी ओट्सच्या पाकिटाबद्दल, कारण तिथे चुकलं तर बाकीची मेहनत वाया जाते. ओट्समध्ये गव्हातलं ग्लूटेन नसतं, त्यांचं प्रथिन वेगळं, अ‍ॅव्हेनिन नावाचं. पण ओट्स पिकतात ते बहुधा गहू आणि जव घेणाऱ्या शेतांत किंवा त्यांच्या शेजारी. कापणीचं यंत्र तेच, ट्रक तोच, गिरणीही तीच. त्यामुळे साध्या पाकिटात गव्हाचे, जवाचे दाणे मिसळलेले असू शकतात आणि चपटे केल्यावर ते ओळखूही येत नाहीत. म्हणून पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं असायला हवं. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे त्याचा अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही. अमेरिकेतही मर्यादा हीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र ओट्सवर ‘ग्लूटेन-फ्री’ छापताच येत नाही, कारण सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या काही थोड्या लोकांना अ‍ॅव्हेनिनसुद्धा सोसत नाही. तेव्हा कुकीज सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी असतील, तर त्याला ओट्स चालतात का हे आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. नुसतं गव्हाला पर्याय म्हणून करत असाल तर साधे ओट्स वापरा, पण मग त्या डब्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं लिहून शेजारी पाठवू नका.

दुसरी चूक आपल्या ओट्यावर होते. मैद्याची चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ अडकून राहतं. लाकडी पोळपाट-लाटणं आणि लाकडी चमचे यांच्या भेगांतही तेच. ज्या लोण्याच्या डबीत रोज पावाची सुरी बुडते त्या डबीत पावाचा चुरा असतोच, नीट बघा, दिसेल. मिक्सरच्या भांड्यात रवा किंवा गहू फिरवले असतील तर पात्याखालचं रबर काढून धुवा. त्याच वेळी शेजारी कणीक मळणं चाललेलं नको, हवेत उडालेलं पीठ बराच वेळ कुठे ना कुठे बसत राहतं. तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ गिरणीतून दळून आणलेलं असेल तर ते इथे बाद, कारण तुमच्या आधी त्या जात्यातून कुणाचे तरी गहू गेलेले असतात. घरघंटी असली तरी तिच्यात रोज गहू दळत असाल तर तोच प्रश्न. घरात सिलिअ‍ॅकचा रुग्ण असेल तर वेगळी चाळणी, वेगळा सिलिकॉनचा चमचा आणि लोण्याचं न उघडलेलं पाकीट, एवढं तरी ठेवाच.

आता प्रमाण. चाळीस ग्रॅमच्या साधारण अठरा कुकीज होतात. वजनकाटा घ्या, कप दाबून भरला की हलका भरला यावर ओट्सच्या पिठात पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यात कुकी दगड होते.

ओट्सचं पीठ १२० ग्रॅम, अख्खे चपटे ओट्स १२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, ब्राऊन शुगर ११० ग्रॅम, साधी साखर ५० ग्रॅम, एक अंडं (सोललेलं ५० ग्रॅम), व्हॅनिला इसेन्स १ चहाचा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, चॉकलेट १५० ग्रॅम. बिनमिठाचं लोणी असेल तर मीठ अर्धा चमचा, खारं पिवळं लोणी असेल तर चिमूटभर पुरे.

ओट्स ‘रोल्ड’ म्हणतात ते घ्यायचे. स्टील-कट नको, ते भाजून कच्चे दाणे राहतात. दोन मिनिटांत शिजणारे इन्स्टंट ओट्स चालतात, पण कुकी सपाट चवीची, एकजीव होते, चावताना काही लागत नाही. मसाला ओट्सचं पाकीट चुकून उचलू नका, हसण्यावारी नेऊ नका, होतं असं. पीठ विकत आणायची गरज नाही. तेच रोल्ड ओट्स कोरड्या मिक्सरमध्ये थांबून थांबून मिनिटभर फिरवा, चाळा, वर राहिलेला जाडसर भाग परत फिरवा. बोटांत चोळल्यावर मेतकुटासारखं लागलं पाहिजे. मिक्सरमधून निघालेलं पीठ कोमट असतं, ते ताटात पसरून गार करा. कोमट पीठ लोण्यात गेलं की लोणी वितळतं आणि मग कुकी पसरते.

साखरेकडे कुणी फारसं बघत नाही. आपल्याकडची साधी साखर दाण्याने मोठी असते, ती लोण्यात विरघळत नाही. मिक्सरला दोनच झटके द्या. पिठीसाखर करू नका, तिने कुकी फुसफुशीत, नानकटाईच्या वळणाची होते. ब्राऊन शुगर म्हणून दुकानात पुष्कळदा मिळते ती कोरडी, सुटी, नुसत्या रंगाची साखर. खरी ब्राऊन शुगर मुठीत दाबली की ओल्या वाळूसारखी धरते. तशी मिळाली नाही तर १०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा काकवी चोळून घ्या, उत्तम काम होतं. कुकीचा मऊपणा आणि तो टॉफीसारखा वास यातूनच येतो. गुळाची पावडर चालते, पण गुळात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असल्यामुळे रंग फार लवकर चढतो, तेव्हा ओव्हन दहा अंशांनी कमी ठेवा.

चॉकलेटच्या बाबतीत माझं मत चिप्सच्या विरुद्ध आहे. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी टोल हाऊस इनमध्ये रूथ वेकफिल्ड यांनी ही कुकी केली तेव्हा चिप्स नव्हत्याच, त्यांनी चॉकलेटची वडी तोडून घातली होती. आजही ५० ते ६० टक्के कोकोची वडी सुरीने चिरलेली चांगली. त्यात मोठे तुकडे येतात, चुरा येतो, आणि चुरा पिठात विरघळून सगळीकडे चव जाते. बाजारातल्या स्वस्त चिप्स कंपाउंडच्या असतात. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल, म्हणून त्या आकार सोडत नाहीत आणि तोंडात मेणासारख्या लागतात. काहीही घ्या, पण मागची बारीक अक्षरं वाचा. ‘माल्ट’ दिसलं की ते जवापासूनचं, पाकीट परत ठेवा. बेकिंग पावडर वापरणार असाल तर तिचाही डबा वाचायचा, काहींत गव्हाचं स्टार्च असतं.

लोणी फ्रीजबाहेर काढायचं, पण किती वेळ? बोट दाबल्यावर खड्डा पडावा आणि बोटाला तेल लागू नये. डिसेंबरात पुण्यात त्याला पाऊण तास लागेल, मे महिन्यात मुंबईत दहा मिनिटं. लोणी चकाकायला लागलं की ते गेलं, परत फ्रीजमध्ये टाका. दोन्ही साखरा घालून हँड मिक्सरने दोन मिनिटं फेटा. केकसारखं पांढरंशुभ्र करू नका. इथे हवा धरून ठेवायला ग्लूटेन नाही, जास्त भरलेली हवा ओव्हनमध्ये निसटते आणि कुकी बसते. अंडं खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, गार अंड्याने लोणी फाटल्यासारखं दिसतं. अंडं आणि इसेन्स घालून अर्धा मिनिट. ओट्सचं पीठ, कॉर्नफ्लोअर, सोडा, मीठ एकत्र चाळून घाला. सोड्याची गुठळी राहिली तर एकाच कुकीत साबणाची चव येते आणि ती नेमकी पाहुण्याच्या वाट्याला जाते. शेवटी अख्खे ओट्स आणि चॉकलेट उलथन्याने मिसळा.

आता हे मिश्रण तुम्हाला सैल वाटेल. हाताला चिकटेल, लाडू वळणार नाही. नव्वद टक्के चुका इथे होतात, कारण हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. चमचाभर पीठ वाढवलं, आणखी चमचाभर वाढवलं, आणि अर्ध्या तासाने ओट्सनी पाणी प्यायलं की तेच मिश्रण कोरडं ठणठणीत होतं. काही वाढवू नका. झाकून फ्रीजमध्ये ठेवा, कमीत कमी एक तास, रात्रभर ठेवलं तर फारच छान. ज्वारीच्या भाकरीला आपण गरम पाणी घेतो, त्यामागे जे आहे तेच इथे आहे: बिनग्लूटेनच्या पिठाला धरून ठेवायचं काम ओल्या झालेल्या स्टार्चने करायचं असतं. ओट्सला तर जोडीला स्वतःचा बुळबुळीतपणा आहे, त्यातल्या बीटा-ग्लुकन नावाच्या तंतूचा. तो पाण्यात सुटायला वेळ लागतो, पण सुटला की झँथन गमची (बिनग्लूटेनचं पीठ बांधायला घालतात त्या चिकट पावडरीची) काही गरज उरत नाही. मुरलेल्या मिश्रणाचा गोळा तळहातावर वळतो, भेगा पडत नाहीत, ओट्सची कड नखाने दाबली तर मऊ लागते.

ओटीजी (विजेवरचा घरगुती ओव्हन) १७५ अंशांवर, वरखालचे दोन्ही रॉड लावून तापवा. दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नव्हे, हवा तापली आहे, भिंती नाहीत. आणखी दहा मिनिटं द्या. कन्व्हेक्शनच्या मायक्रोवेव्हमध्ये पंखा असतो, तिथे १६० पुरे. ट्रेवर बेकिंग पेपर घाला. मेणाचा लेप असलेला कागद नको, तो धुरकटतो आणि चिकटतो. चाळीस ग्रॅमचे गोळे, मधे पाच सेंटिमीटर अंतर, वरून तळव्याने किंचित दाबलेले. मुरलेलं पीठ मैद्याच्या पिठाइतकं पसरत नाही, म्हणून हे दाबणं लागतं.

मधल्या कप्प्यात अकरा ते बारा मिनिटं. कडा सोनेरी, मध्य अजून ओलसर आणि फुगीर दिसत असतानाच काढायच्या. कच्च्या वाटतील, वाटू द्या. गरम ट्रेवर त्या आणखी शिजतात. दहा मिनिटं त्यांना हात लावू नका. गरम असताना त्या ओल्या मातीच्या पणतीसारख्या असतात, उचलली की मोडली. मग जाळीवर. दुसरा घाणा गरम ट्रेवर ठेवू नका, ट्रे नळाखाली गार करून पुसा.

तरी बिघडलंच तर कुकीकडे बघून कारण कळतं. कागदासारखी पसरली आणि कडेला तूप सुटलं, म्हणजे लोणी मऊ होतं किंवा ओव्हन पुरता तापला नव्हता. गोळा तसाच राहिला, म्हणजे पीठ वाढलं, उरलेल्यांत चमचाभर दूध मळून दाबून लावा. थंड झाल्यावरही भुगा होत असेल तर मुरायला कमी वेळ मिळाला. कचकच लागली तर एक तर साखर विरघळली नाही, नाहीतर पिठात जाडसर भाग राहिला. खाली काळी आणि वर फिकी, हा ओटीजीचा नेहमीचा आजार. कुकीजच्या ट्रेखाली आणखी एक रिकामा ट्रे चिकटून ठेवा. शेवटी कडवट चव. ती सोड्याची असू शकते, पण ओट्स जुने असतील तर त्यांचीही असते. त्यातलं तेल खवट होतं. पाकीट उघडून आधी हुंगा, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या.

अंडं नको असेल तर कच्च्या जवसाची पूड ७ ग्रॅम आणि पाणी ४५ मिलिलीटर, दहा मिनिटं भिजवून. चटणीसाठी भाजलेलं जवस घेऊ नका, तो वास चॉकलेटवर चढतो. अंड्याविना कुकी जरा जास्त नाजूक होते, अर्धा चमचा इसबगोल पिठात टाकलात तर सावरते. लोण्याऐवजी तूप घालायचं असेल तर ११५ नव्हे, ९२ ग्रॅम, आणि वर दीड मोठा चमचा दूध. लोण्यात पाणी असतं, तुपात नसतं, आणि ओट्सला ते पाणी हवंच आहे. चव अर्थात वेगळी होईल, थोडी बेसनाच्या लाडवाकडे झुकणारी. वाईट नाही.

कुकीज हवाबंद डब्यात चार-पाच दिवस चांगल्या राहतात, पावसाळ्यात दोन. दमट हवेत ओट्स पुन्हा पाणी ओढतात आणि कडा मऊ पडतात. १५० अंशांवर चार मिनिटं फिरवल्या की कडा परत येतात. त्यापेक्षा मुरलेले गोळे ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भरा, महिना-दोन महिने आरामात टिकतात. हवे तेवढे काढा आणि वितळू न देता सरळ भाजा, १६५ अंशांवर चौदा-पंधरा मिनिटं. फक्त दाबायचं काम गोठवण्याआधीच उरका, गोठलेला गोळा दबत नाही.