विश्रामबागेचं भाडं: कागदावरचं आणि खरं

सांगली, मृग लागल्यानंतरचा रविवार

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर घरं बदलली जातात आणि तोच प्रश्न पुन्हा निघतो. नदीकाठच्या जुन्या वस्तीत, म्हणजे गावभागात मिळणाऱ्या टू बीएचकेला विश्रामबागेत महिन्याला चार हजार जास्त का मोजायचे? कॉलेजं, दवाखाने, मोठे रस्ते ही कारणं सगळेच सांगतात. खरं कारण कृष्णेची पातळी: पुराचं पाणी गावभागात शिरतं, विश्रामबाग त्या मानाने उंचावर. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे महापूर. चार हजारांचा फरक धरला तर वर्षाला ४८ हजार होतात. तळमजल्यावर पाणी शिरलं तर फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या आणि फुगून बाद झालेलं प्लायवूडचं फर्निचर यांतच तेवढे जातात, वायरिंग वेगळंच.

पण हा हिशेब तळमजल्याचा. गावभागात दुसऱ्या मजल्यावर सामान वाचतं. आठवडाभर घर सोडावं लागतं आणि गाडी आधीच उंचावर नेऊन लावावी लागते. घरात म्हातारं माणूस नसेल तर मी तरी तिथलंच घर घेईन. मंडई चालत जाण्याइतकी जवळ, म्हणजे पेट्रोलही वाचतं. उलट विश्रामबागेचं नाव सांगून नाल्याकाठच्या सखल प्लॉटलाही तोच दर लावतात, तो देऊ नये. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. घर या रेषांच्या आत येतं का, ते महापालिकेच्या नकाशावर बघावं. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं तर पाणी भिंतीला कुठपर्यंत आलं होतं ते तो हात लावून दाखवतो. नकाशापेक्षा मला तो हात जास्त खात्रीचा वाटतो.

आता भाड्याबाहेरचा खर्च. सगळ्यात जास्त फसगत विजेत होते. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर असली आणि प्रत्येकाचे ९० युनिट झाले, तर एकेकट्याला शंभरच्या आतला स्वस्त दर बसला असता. एकत्र १८० झाले की वरचे ८० युनिट पुढच्या, बऱ्याच महाग टप्प्यात जातात. सबमीटर लावलेला असला तरी महावितरणचं बिल मुख्य मीटरवरच येतं, म्हणून स्वतंत्र मीटरच मागावा. मेंटेनन्समध्ये लिफ्ट, बोअरची मोटर आणि टँकर धरलेत का, तेही आधीच विचारावं. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी वेगळी निघते, आणि वाद तिथेच पेटतो.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची. १२ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट धरलं, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का, म्हणजे जेमतेम साडेतीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याच्या दुप्पट-तिप्पट आकडा सांगतो, त्यात त्याची मजुरी किती ते वेगळं लिहून घ्यावं. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, हे करारात नसेल तर कापले जातात असंच समजावं.

आणि घर बघायला कडक उन्हात जाऊ नये. पाऊस पडून तासभर झाल्यावर जावं, पार्किंगमध्ये पाणी किती वेळ थांबतं ते तेव्हाच कळतं.