लाकडाची मासोळी

भंडारा-गोंदियाच्या ज्या पट्ट्यात मी राहतो, तिथे मासोळी धरण्यासाठी कोणाला लाकूड कोरत बसण्याची गरज नाही. गावाला एखादा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असतोच. शेतांच्या मध्ये बोड्या, म्हणजे लहान तळी, असतात. वैनगंगा आणि चुलबंद या नद्याही फार लांब नाहीत. ढिवर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाळे आणि डोंगा घेऊन या पाण्यावर उतरत आली आहेत, आणि ज्याच्याजवळ जाळे नाही त्याला बांबूची काडी, दोरा, गरी आणि ओल्या मातीतून उकरलेले गांडूळ एवढे पुरते. असे असताना एखाद्या माणसाने संध्याकाळचा दिवा जवळ ओढून बोटभर लाकडाला माशाचा आकार द्यावा, त्यावर खवले रंगवावेत, डोळे चिकटवावेत आणि शेवटी ती वस्तू पाण्यात फेकावी, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना चमत्कारिक वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही. या छंदाचे समर्थन पोटाच्या हिशेबाने करता येत नाही आणि मी ते करणारही नाही.

शहरातल्या दुकानांत अशा नकली मासोळ्या ल्यूअर या नावाने प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात. त्या देखण्या असतात, पाण्यात सरळ पोहतात आणि माझ्या पुष्कळशा मासोळ्यांपेक्षा नेमक्या असतात. तरीही लाकूड निवडण्यापासूनची सगळी कामे आपल्या हाताने करण्यात जी गोडी आहे ती डबी उघडण्यात नाही. परदेशातले कारागीर बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड वापरतात. आपल्याकडे त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण शिवण, सावर आणि पांगारा ही झाडे आपल्याच रानात आणि बांधांवर आहेत. पांगारा फार हलका, पण तितकाच मऊ. दातांची मासोळी एकदा चावली की त्यावर खुणा उमटतात. सागाला पाण्याचे भय नाही, मात्र तो जड पडतो. माझा कौल शिवणीला आहे, कारण ती हलकी आहे, चाकूखाली फाटत नाही आणि वाळल्यावर सहसा वाकडी होत नाही.

शिवणीचे तुकडे मला आमच्या गावच्या वाढईकाकांकडून मिळतात. तान्ह्या पोळ्याच्या आधी त्यांच्या अंगणात लाकडी नंदींची रांग लागते, आणि शिंगांसाठी, वशिंडासाठी लाकूड तासताना उरलेले लहान ठोकळे त्यांच्या दृष्टीने चुलीचे असतात. त्यांनी माझी एक मासोळी हातावर तोलून पाहिली आणि पोटाकडची बाजू जरा भरीव ठेवावी असे सुचवले. नंदीचे पुढचे पाय आणि मान यांचे वजन जमले नाही तर चाकांवर ओढताना तो तोंडावर पडतो, हे त्यांना आयुष्यभराच्या कामाने ठाऊक आहे. मासोळीच्या बाबतीतही प्रश्न तोच असतो, फक्त चाकांच्या जागी पाणी असते.

पाण्यात टाकल्यावर नकली मासोळीने पाठ वर आणि पोट खाली ठेवून तरंगले पाहिजे. त्यासाठी पोटात भोक पाडून शिशाचा लहान तुकडा बसवावा लागतो. तो नेमका किती आणि कुठे, हे आधी गणिताने ठरवता येत नाही असे नाही, पण अंगणातल्या टाक्यात बुडवून पाहणे अधिक सोयीचे पडते. शिसे जास्त झाले तर ती नुसती बुडते आणि जागची हलत नाही. कमी झाले तर ओढताना गरगर फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो. जबड्याखाली बसवलेली पारदर्शक चकती हा या सगळ्या रचनेचा प्राण आहे. दोरा ओढला की त्या चकतीवर पाणी आदळते, तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यामुळे मासोळीचे अंग डावी-उजवीकडे हलू लागते. चकती आखूड आणि उभी ठेवली तर मासोळी पृष्ठभागाच्या जवळून जाते. लांब आणि आडवी ठेवली तर खोल बुडी घेते. ओढणे थांबवले की लाकूड तिला पुन्हा वर आणते. शिंगाड्याचे वेल आणि कमळाचे देठ यांनी भरलेल्या बोडीत हा गुण फार उपयोगी पडतो, कारण गवतात अडकण्याआधी तिला थांबवून वर येऊ देता येते.

ही चकती मी जुन्या सीडीतून कापतो. सीडी पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे पातळ असूनही चिवट. एका काळी घराघरांत साठलेल्या लग्नाच्या व्हिडिओच्या सीड्या आता कोणत्याही यंत्रात लागत नाहीत, आणि त्यांचा यापेक्षा बरा उपयोग मला तरी सुचलेला नाही. लाकडाच्या पोटातून आरपार गंज न चढणारी तार घालून तिलाच नाकाची, पोटाची आणि शेपटीची कडी करायची. असे केले म्हणजे लाकूड फुटले तरी अडकलेली मासोळी गरीसकट निघून जात नाही. तयार मासोळी डावीकडे पळत असेल तर नाकातली कडी किंचित उजवीकडे वळवायची. हे वळवणे केसभराचे असते, आणि त्या केसभरात ती पोहायला लागते किंवा बिघडते.

फिनलंडमध्ये 1936 साली लौरी रापाला नावाच्या एका गरीब मच्छीमाराने अशीच एक मासोळी केली होती. त्याच्याजवळ बूच, चांभाराचा चाकू आणि पॉलिश कागद होता. वरचे चंदेरी अंग त्याने चॉकलेटच्या वेष्टनातल्या चांदीने मढवले आणि वॉर्निश नसल्यामुळे फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. शिकारी मासे थव्यातल्या सरळ पोहणाऱ्या मासोळ्या सोडून किंचित लटपटणाऱ्या मासोळीवर झडप घालतात, हे त्याने होडीतून पाहिले होते, आणि ते लटपटणे त्याने बुचात उतरवले. पुढे त्याच्या नावाची मोठी कंपनी झाली. मला मात्र चॉकलेटचा कागद जपून ठेवणारा तो माणूस जवळचा वाटतो, कारण बिस्किटांच्या पुड्यातली चांदी आमच्या घरात आता कोणी फेकत नाही.

इथपर्यंतचे काम मासोळीसाठी असते. रंगाचे काम सुरू झाले की ते कोणासाठी आहे, याविषयी मला प्रामाणिक राहणे भाग आहे.

आधी लाकडाला पातळ वॉर्निशमध्ये बुडवून वाळवायचे, नाही तर पाणी शिरून लाकूड फुगते आणि वरचा रंग तडकतो. मग सगळ्या अंगाला पांढऱ्याचा हात. पांढऱ्यावर रंग उजळतात. त्यानंतर पाठ काळसर हिरवी आणि पोट पांढरे ठेवून मधल्या भागात दोन्ही रंग एकमेकांत मुरवायचे. जिवंत मासोळीचे अंगही असेच असते, कारण वरून पाहणाऱ्या बगळ्याला तिची पाठ गढूळ पाण्यात हरवलेली दिसते आणि खालून पाहणाऱ्या शिकारी माशाला तिचे पोट आकाशाच्या उजेडात मिसळलेले दिसते. खवल्यांसाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंगाभोवती घट्ट गुंडाळायचा, चंदेरी रंगात स्पंज बुडवून हलक्या हाताने थापटायचा आणि रंग ओला असतानाच जाळी उचलायची. जाळी उचलल्यावर सगळे अंग खवल्यांनी भरलेले दिसते, आणि तो क्षण कितीही वेळा आला तरी मला त्याचे अप्रूप वाटते. डोळ्याला बायकोच्या पाकिटातली सर्वात लहान सोनेरी टिकली, आणि तिच्या मधोमध काळ्या नेलपॉलिशचा ठिपका. शेवटी एपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर कडक होणारा पारदर्शक लेप, त्याचे दोन भाग समप्रमाणात मिसळून वर चढवायचे आणि ते घट्ट होईपर्यंत मासोळी हळूहळू फिरवत राहायची, म्हणजे लेप एका बाजूला उतरत नाही. यासाठी मी एक लहान मोटर बसवली आहे. वीज गेली की लेपाचा थेंब पोटाखाली येऊन थांबतो, म्हणून मोटर असूनही हात मोकळा ठेवावा लागतो.

या रंगकामासाठी मला खऱ्या मासोळ्या पाहाव्या लागल्या. तोपर्यंत मी त्या खात होतो, पाहत नव्हतो. आठवडी बाजारात लहान मासोळीच्या वाट्यांपुढे वाकून मी कल्ल्यामागची तांबूस छटा, शेपटीच्या मुळाशी असलेला काळा ठिपका आणि ओल्या खवल्यांवरून सरकणारी जांभळट झाक पाहत असतो. विकणाऱ्या बाईंना हे रुचत नाही. “भाऊ, घ्याचं हाय का नुसतं पाहाचं हाय?” असे त्या विचारतात, आणि मग घ्यावेच लागते.

आता हे सारे मासोळीला दिसते का? आमच्या बोड्यांमध्ये पावसाळाभर पाणी चहाच्या रंगाचे असते. अशा पाण्यात खवल्यांची नक्षी हातभर अंतरावरूनही कळणार नाही. खोल, स्वच्छ पाण्यात लाल रंग सर्वात आधी विझतो आणि काही मीटर खाली तो काळपट दिसू लागतो, म्हणजे कल्ल्यामागची तांबूस छटाही तिथे वाया जाते. मासोळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते आणि तिच्यामुळे तिला पाण्यातली हालचाल जाणवते. गढूळ पाण्यात भरवसा त्या हालचालीवर आणि आवाजावर अधिक. म्हणूनच काही मासोळ्यांच्या पोटात मी पोकळी ठेवून सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे घालतो. ओढताना ते खुळखुळतात. फिकट पोट आणि गडद पाठ एवढा फरक ठळक असला की रंगाचे काम जवळजवळ झाले. बाकीची नक्षी, टिकलीचा डोळा आणि जांभळट झाक ही मासोळीच्या नावावर केलेली माझी हौस आहे. मला त्यात फसवणूक वाटत नाही. देवळाच्या शिखरावरची नक्षीही खालच्या माणसाला नीट दिसत नाहीच.

या पाण्यात माझ्या लाकडी मासोळीवर येणारा खरा धनी म्हणजे मरळ. मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे त्याला मधूनमधून वर यावे लागते, आणि वर आल्याची खूण पाण्यावर उमटते. पावसाळ्यात मात्र एक गोष्ट पाळावी लागते. पृष्ठभागाजवळ तांबड्या-नारिंगी पिलांचा पुंजका हलताना दिसला की त्याच्या खाली मोठा मरळ राखणीला असतो, आणि जवळून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तो भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी धावतो. तिथे नकली मासोळी टाकली तर तो हमखास सापडतो. आणि तो सापडला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा जागी टाकणाऱ्याला मी मासोळीचा शौकीन मानत नाही. तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ताब्यात असतो, तेव्हा आधी विचारून घेणे हेही ओघाने आलेच.

आमच्या तलावावर जाळे टाकणाऱ्या एका वयस्क ढिवरबाबांनी माझी नवी मासोळी उन्हात धरून उलटसुलट पाहिली होती. “एवढ्या रंगाचं मासोळीले काय करा लागते? थे काही लग्नात जाची नाही,” असे ते म्हणाले. पण ती परत देताना त्यांनी पुन्हा एकदा तिच्या डोळ्याकडे पाहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “एक आमच्या नातवाले करून द्या, भाऊ. पन गरी नोका लावू, थो सारंच तोंडात घालते.”

तोंडात जाणार म्हटल्यावर शिसे गेले, रंग गेला, एपॉक्सी गेले, आणि सुटून गिळली जाईल म्हणून टिकलीही गेली. उरली ती घासून गुळगुळीत केलेली शिवणीची मासोळी, डोळ्याच्या जागी चाकूची नुसती खाच असलेली. पोटात वजन नसल्यामुळे ती पाण्यात आडवी पडते. पोराने तिला बादलीत सोडले, लगेच बाहेर काढले आणि शेपटीकडून चावायला घेतले.